पुराची पत्रिका

७ जानेवारी २००७, रविवार

पत्रिकेचे रद्दीवाल्या दत्तोबाने साठ रुपये घेतले. खरा खर्च इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी ‘साठ रुपयांत तर मिळाली’ म्हणायला नको. साठ रुपये, दत्तोबाच्या मुलीच्या साखरपुड्याच्या सरबतासाठी लिंबाची एक गोणी, तीही निवडलेली, मेव्हण्याच्या, म्हणजे मुनव्वरच्या घरच्या लग्नाच्या वलीम्याची बिर्याणी, जी मी जुन्या बाजारात उन्हात उकिडवं बसून चुकवली, त्यासाठी बायकोला मारलेली ‘गुडघा दुखतोय, डॉक्टरकडे जातो’ ही थाप, ती उघडी पडू नये म्हणून मग खरंच डॉक्टरकडे जाणं, आणि त्या डॉक्टरने गुडघ्याला हातसुद्धा न लावता, दंडाला पट्टा आवळून बंद केलेलं मीठ नि लोणचं. लिंबाच्या आडत्याला लिंबाचं लोणचं बंद! हे सगळं धरलं तर ही पुण्यातली सगळ्यात महाग लग्नपत्रिका आहे.

पण चीज काय आहे! एकसष्ट सालच्या जुलैतली. पानशेत फुटायच्या आधी छापलेली. पुरात नदीकाठचं कार्यालय गेलं, तर या लोकांनी लग्न पुढे ढकललं नाही. छापलेल्या जागेवर कागदाची पट्टी डकवून नवी जागा छापली, आणि खाली एक ओळ: ‘पाहुण्यांनी शक्य तर पिण्याचे पाणी सोबत आणावे.’ चि. माधव आणि चि. सौ. कां. उल्का. दत्तोबा म्हणाला, बाकीच्या सगळ्या छापखान्यातच भिजून लगदा झाल्या. म्हणजे जगात ही एकच, आणि ती मैनुद्दीन बागवानाकडे.

संध्याकाळी कसब्यातल्या आमच्या नेहमीच्या हॉटेलात टेंब्यांना दाखवली. श्रीधरपंत टेंबे महापालिकेत जन्म-मृत्यूच्या नोंदी करून निवृत्त झाले. ‘जन्म आणि मृत्यू पालिकेने करून घेतले, राहिलं लग्न, ते स्वखर्चाने करतोय,’ असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. हा माणूसही माझ्यासारखाच जुन्या लग्नपत्रिका जमवतो, आणि चौऱ्याण्णव सालापासून माझ्या मानगुटीवर बसलाय. पहिल्याच दिवशी एका पत्रिकेवर दोघांचा हात एकदम पडला, कोणीच सोडेना, ती मधोमध फाटली. नवरदेव त्यांच्याकडे, नवरी माझ्याकडे. आम्ही दोघंही आपापला अर्धा तुकडा अख्खी पत्रिका म्हणून मोजतो.

पुराची पत्रिका त्यांनी घेतली, अंगठा फिरवला आणि परत माझ्या हातात दिली. म्हणाले, “वाचा.”

“तुम्हीच वाचा की.”

“जिंकलेल्याने वाचायची असते, शेठ. हरलेल्याने ऐकायची.”

वाचली. पाण्याच्या ओळीला ते हसतील असं वाटलं होतं, पण ते नुसते ऐकत राहिले. मग आलाच त्यांचा नियम: “हळदकुंकू आहे का कोपऱ्यांना?” त्यांच्या मते कोपऱ्याला बोट लागलेलं असेल तरच ती वाटलेली पत्रिका, नाहीतर नुसता छापील कागद. (आमच्यातल्या दावतनाम्यांसाठी, म्हणजे लग्नाच्या आमंत्रणांसाठी, ‘अत्तराचा डाग चालेल’ अशी सवलत त्यांनीच दिली होती.)

“एका कोपऱ्यात पिवळं आहे.”

“हळद का चहा?”

“हळद!”

“असेल बुवा.” मग जरा थांबून म्हणाले, “ही मात्र आमच्याकडे नाही, शेठ.”

हे वाक्य ऐकायला मला तेरा वर्षं लागली. आवाज अगदी पडलेला. चाळीस वर्षं आडत केली. शेतकरी ‘घरी माल शिल्लक नाही’ म्हणतो तेव्हा खरं किती, खोटं किती, ते मी डोळे मिटून सांगतो. डोळे फसतात, माझे कान फसत नाहीत. माणूस हरला होता. हिशेब वसूल.

२१ जानेवारी, रविवार

आज जुन्या बाजारात टेंब्यांनी भलतंच केलं.

दत्तोबाकडे एक गठ्ठा आला होता, सत्तर सालच्या आसपासचा. आम्ही दोघं चढाओढीने भाव वाढवायला लागलो की फायदा दत्तोबाचा होतो, म्हणून आमचा ठराव आहे: आधी आपसात ठरवायचं, मग एकानेच विकत घ्यायचं. ठरवायची रीत माझी. जुन्या मंडईत पाट्या वाहायचो तेव्हा मोठ्या आडत्यांची बघून शिकलो. दोघांनी हात मिळवायचा, वर रुमाल टाकायचा आणि आत बोटांनी बोली लावायची. एक बोट म्हणजे हरणाऱ्याला आपल्या संग्रहातली एक पत्रिका द्यायची. मूठ मिटली म्हणजे माल सोडत नाही, पुढे बोलू नका. टेंब्यांना हे मीच शिकवलं आणि आता पस्तावतोय.

तर टेंब्यांनी गठ्ठ्यातली वरची पत्रिका उचलली, नाकाशी धरली, उन्हाकडे वळवली आणि म्हणाले, “या लग्नासाठी तीन देतो.” ती बारशाची होती! चांगलं पाळण्याचं चित्र होतं वर, हत्ती-घोड्यांसकट.

“अहो श्रीधरपंत, हे बारसं आहे.”

“माहितीय. बारसं म्हणजे लग्नाचंच पुढचं पान.”

लोक हसले. मी नाही हसलो. हा डाव आहे. मला वाटावं म्हातारा ढिला पडला, मी गाफील राहावं, आणि मग हा मोठं काहीतरी उचलणार. कारण रुमालाखाली हात गेला की तोच जुना पाजी! तिथे एक बोट इकडचं तिकडे नाही. गठ्ठा त्यांनीच मारला. आणि जिंकलेला माल पिशवीत भरायला मला सांगितलं. वर म्हणाले, “शेठ, तेवढं रस्ता ओलांडेपर्यंत बरोबर चला. गप्पा होतील.” गप्पा कसल्या, माझा खांदा धरून चालत होते. हमाली सोडून मला एवढी वर्षं झाली, पण या माणसाने पुन्हा करायला लावली.

२६ जानेवारी, शुक्रवार

सुट्टी म्हणून सलीमा घरी. एरवी हिंजवडीच्या कंपनीची बस तिला पहाटे नेते आणि दिवेलागणीनंतर आणून टाकते. मुलगी घरात आहे हे आम्हाला तिच्या चपलांवरून कळतं.

जेवताना मी टेंब्यांच्या डावाबद्दल सांगत होतो. सलीमा म्हणाली, “अब्बा, एक सांगा. तुम्हाला पत्रिका जमवायच्यात का काकांना हरवायचंय?”

“दोन्ही एकच.”

“एकच कसं? काका नसते तर जास्त जमल्या असत्या ना? स्वस्तात, शांतपणे. मग मजा जास्त आली असती की कमी?”

मी म्हणालो, जास्तच आली असती. डोक्याचा ताप गेला असता. अख्तरबानू भाकरी वाढता वाढता म्हणाली, “अजी, रहने दो. तुम दोनोंकाच एक बार कारड छपाव, झंझट मिटेगी.” मायलेकी हसून हसून लोळल्या. माझी डाळ बिनमिठाची, तिचं कोणाला काही नाही.

११ फेब्रुवारी, रविवार

सलग दुसऱ्या रविवारी टेंबे नाहीत.

दत्तोबाकडचे चारही गठ्ठे मी घेतले. भाव नाही, रुमाल नाही, कोणी ‘हळद का चहा’ नाही. एका पत्रिकेत वधूच्या वडिलांनी आहेर आणू नये म्हणून लिहिलंय आणि त्याखालीच वराच्या वडिलांनी आपल्या घराचा पत्ता मोठ्या टायपात छापलाय. असली चीज टेंब्यांपुढे टाकली असती म्हणजे अर्धा तास गेला असता. दत्तोबाला दाखवली. तो म्हणाला, “पिशवी हवी का?”

घरी येऊन गठ्ठे तसेच ठेवले. अजून सोडलेले नाहीत. गुडघा दुखतोय. खरंच.

१४ फेब्रुवारी, बुधवार

आलं लक्षात! जुना बाजार बुधवारीही भरतो. हा माणूस रविवारी मला वाट बघायला लावून बुधवारी गुपचूप माल उचलत असणार. आज गाळा गेनबावर सोडून गेलो. (गेनबा माझा मुकादम; माझ्याइतकाच उंच, टोपीही माझ्यासारखीच घालतो, बोलतो मात्र वर्षातून दोनदा.) एका बंद टपरीमागे उभा राहून पाळत ठेवली. टेंबे आले नाहीत.

एवढ्यात दत्तोबाने ओरडून विचारलं, “शेठ, तिथं कशाला उभं राहिलाय? पोट बिघडलंय काय?”

सगळ्या बाजाराने ऐकलं.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

आज डोकं फिरलंय. लिहून शांत होतं का बघतो.

छापखान्यात पावतीबुकं आणायला गेलो होतो. पलीकडच्या फळीमागे दोघं बोलत होते. मी कान दिला नव्हता, पण माझे कान मला विचारून ऐकत नाहीत. हिंजवडीकडे कोणीतरी लग्नाचं लॉन काढतंय. प्रवेशद्वाराशी भिंतभर जुन्या पत्रिका चिकटवणार आणि वर काचेसारखं काहीतरी ओतणार. पत्रिका कुठून? तर कसब्यातले टेंबे म्हणून एक आहेत, ते सगळी खोकी देतायत.

सगळी! मला न सांगता! माझी नवरी ज्याला जोडायची तो फाटका नवरदेव हिंजवडीच्या भिंतीवर, आणि त्याच्यापुढे उभे राहून लोक फोटो काढणार.

घरी येऊन सलीमाला फोन लावला. ती म्हणाली, “हेरिटेज वॉल म्हणतात त्याला, अब्बा.” मी फोन ठेवून दिला.

तेरा वर्षं मी हरवायला झटतोय आणि हा माणूस पट उलटून उठून चाललाय. याला हार म्हणत नाहीत. याला पळ म्हणतात.

२५ फेब्रुवारी, रविवार

टेंब्यांच्या घरी गेलो. जिना चढेपर्यंत भांडणाची वाक्यं जुळवत होतो, तर दार मंदाकिनीवहिनींनी उघडलं. टेंबे दवाखान्यात गेले होते, भाच्याबरोबर.

“कशाला?”

“तपासायला, दुसरं कशाला? बसा. चहा टाकते. साखर चालते ना, का तेही बंद केलं?”

खोलीत टेबलावर पाहिलं आणि मनात म्हटलं, सापडलास! एवढं मोठं भिंग, भाकरीएवढं, दांड्यावर बसवलेलं. शेजारी दोन दिवे, दोन्ही भरदुपारी चालू. म्हणजे कुठलातरी जबरदस्त माल बारकाईने तपासणं चाललंय, आणि लोकांना सांगतात संग्रह मोडतोय!

“वहिनी, हे भिंग कधी घेतलं?”

“दिवाळीत. पण आता त्याचाही उपयोग नाही म्हणतात.” त्या चहाकडे बघत म्हणाल्या, “मैनुद्दीनभाई, तुम्ही त्यांच्याशी हल्ली भांडला नाहीत का हो? भांडून आले की बरे असतात.”

हा काय प्रश्न झाला? मी भांडायलाच आलोय म्हणायचं होतं, पण चहा होता. त्यांनी पोह्यांची बशीही दिली. मीठ होतं. खाल्ले. चिडलेल्या माणसाने पोहे खाऊ नयेत. खाली उतरेपर्यंत भांडणातली निम्मी वाक्यं विसरलो.

भिंग कोणत्या मालासाठी, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. पढवलेलं असणार.

६ मार्च, मंगळवार

टेंबे आज मार्केट यार्डात आले. गाळ्यावर आयुष्यात पहिल्यांदा.

गर्दीची वेळ होती. मी मागे वजनाशी होतो. पुढे गेनबा गोण्यांवर हात ठेवून उभा. टेंबे त्याच्यासमोर जाऊन थांबले, नमस्कार केला आणि बोलायला लागले.

“शेठ, रागावला असाल. मीच सांगायला हवं होतं. रविवारी तो लॉनवाला खोकी न्यायला येतोय. त्याआधी तुम्ही या आणि हवं ते काढून घ्या. सगळं काढलंत तरी चालेल. भिंतीवर जाण्यापेक्षा तुमच्याकडे...”

गेनबा गप्प. तो कायमच गप्प. टेंबे हातभर अंतरावरून त्याच्या तोंडाकडे बघत होते आणि थांबून राहिले होते.

“शेठ, काहीतरी बोला. शिव्या द्या हवं तर.”

हमाल हसायला लागले. मलाही हसू आलं, पण ते आलं तसं गेलं. मी मागून म्हणालो, “श्रीधरपंत, मी इकडे आहे.”

ते वळले. माझ्याकडे नाही, माझ्या आवाजाकडे वळले. पाळणा, नाकाशी धरलेली पत्रिका, खांदा, दोन दिवे, सगळं एका वेळी अंगावर आलं. कोणतंही लिंबू हातात घेऊन आतला रस सांगणारा मी, आणि समोरचा माणूस दिसेनासा होतोय ते मला दिसलं नाही.

त्यांना आत बसवलं. डोळ्यांच्या पडद्याचं काही आहे. कडेचं थोडं दिसतं, मधलं गेलं. “माणसांचे कान दिसतात, चेहरे दिसत नाहीत,” म्हणाले. “तुमचे मोठे आहेत म्हणून एरवी ओळखतो. आज तुमच्या माणसाने टोपी खाली ओढली होती.”

“मला आधी का नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं तर तुम्ही मला गठ्ठे सोडायला लागला असता, शेठ. दयेवर मिळालेली पत्रिका कुठे ठेवायची? कोणत्या खोक्यात?”

यावर मला राग आला. खरंच आला. मी कुणाला फुकट एक लिंबू सोडत नाही. आणि यांना वाटतं मी गठ्ठे सोडले असते! (सोडले असते.)

“आणि हे ‘हवं ते काढून घ्या’? ते काय आहे? माझ्यावर दया?”

“मग काय करू? कपाटात ठेवून रोज हात फिरवू?”

मी रुमाल काढला. “रीतीने होऊ द्या. मी घेणारा, तुम्ही देणारे. बोला.”

“काय पोरखेळ लावलाय!” म्हणाले, पण हात पुढे केला. रुमाल टाकला. मी एक बोट दाबलं. दोन दाबली. पाचही दाबली. त्यांचा हात थंड होता आणि स्थिर होता. तोंडाने म्हणत होते, “घ्या हो, घेऊन टाका, अडगळ आहे नुसती,” आणि आत त्यांची मूठ हळूहळू मिटत गेली. मी ती उघडून बघायचा प्रयत्न केला. घट्ट.

“श्रीधरपंत, मूठ.”

“कोणाची?”

“तुमची.”

त्यांनी रुमालाकडे बघितलं, म्हणजे रुमालाच्या कडेकडे. गेनबाने न सांगता दोन चहा आणून ठेवले.

११ मार्च, रविवार

लॉनवाला आला, गाडी घेऊन. मी दारातच खुर्ची टाकून बसलो होतो. टेंबे आतून म्हणाले, “माल विकायचा नाही.” त्याने मला विचारलं, “तुम्ही कोण यांचे?” मी म्हणालो, “प्रतिस्पर्धी.” त्याला काही कळलं नाही. जाताना ‘वेळ फुकट घालवला’ म्हणत होता. मी त्याला चार लिंबं दिली.

ठरलं असं: दर रविवारी सकाळी जुना बाजार. मी वरची पत्रिका वाचणार, खरी खरी, मग रुमाल. दुपारी त्यांच्या घरी त्यांची खोकी उघडायची, मी वाचायचं, त्यांनी ऐकायचं. मी म्हणालो, वाचताना एखादी आवडली तर मी मागणार. म्हणाले, “मागा की. मिळणार नाही.”

अख्तरबानूने विचारलं, दर रविवारी दोन्ही वेळ? मग माझ्याकडे जरा बघत राहिली आणि त्यांच्यासाठी डबा भरला. माझी डाळ तशीच, त्यांच्या डाळीत मीठ होतं.

२५ मार्च, रविवार

वैताग आहे. आज सकाळी रुमालाखाली पुन्हा हरलो. डोळ्यांनी दिसत नाही म्हणून या माणसाची बोटं जास्तच पाजी झालीयत. वर भर बाजारात मला म्हणाले, “शेठ, तुमचा हात घामेजला की मला कळतं तुम्हाला माल किती हवाय.” तेरा वर्षं हे माहीत असून आज सांगतायत!

दुपारी खोकी. टेंबे खाटेवर, पाय पसरून, डोळे मिटून. मंदाकिनीवहिनी शेंगा निवडत. प्रत्येक पत्रिकेच्या पाठीवर टेंब्यांनी पेन्सिलीने मिळाल्याचं साल लिहिलेलं असतं, पालिकेची सवय. ते साल आधी वाचायचं, मग मजकूर. एका दावतनाम्यातलं उर्दू वाचून दाखवलं तर म्हणाले, “हळू, हळू. हे इतकी वर्षं नुसतं बघत होतो.” वहिनींनीही शेंगा थांबवल्या.

पाचव्या खोक्यात खालून तिसरी. कार्यस्थळावर कागदाची पट्टी.

मी थांबलो.

“काय झालं शेठ? अक्षर लागत नाही?”

“लागतंय.”

“मग वाचा की.”

त्यांचे डोळे मिटलेलेच होते. हसत होते का, ते दाढी वाढल्यामुळे कळलं नाही. मी वाचली. चि. माधव, चि. सौ. कां. उल्का, आणि पाहुण्यांनी शक्य तर पिण्याचे पाणी सोबत आणावे. टेंबे म्हणाले, “छान वाचता तुम्ही ही. मागच्या वेळीही छान वाचली होती.” मग म्हणाले, “पुढची घ्या.”

का? मी जिंकलो असं समजून घरी गेलो, मीठ सोडलं, आणि हा माणूस ‘आमच्याकडे नाही’ म्हणून बसला! माझी फजिती बघायची होती म्हणावं, तर जानेवारीपासून एका शब्दाने बोलला नाही. काय मिळालं याला? वहिनींना जिन्यात विचारलं तर त्या म्हणाल्या, “तुम्ही त्या दिवशी किती खुशीत होतात म्हणून घरी येऊन सांगत होते.” हे काय उत्तर झालं?

असो. पत्रिका कोरडी आहे, एकही डाग नाही. चारही कोपऱ्यांना हळद आणि कुंकू. पाठीवर पेन्सिलीने १९९६.